कशासाठी, कधी, किती? ध्येय ठरवायची पोस्टाच्या बाईंची रीत

मी कराडात पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायच्या बचत खात्याचे पैसे, गोळा करते. कागदोपत्री महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट, पेठेत मात्र सगळे 'पोस्टाच्या बाई' म्हणतात. सोमवार पेठेपासून पार मलकापूरपर्यंत दर महिन्याला घरोघरी जायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर नोंद करून सही ठोकायची आणि पंधरा तारखेच्या आत पोस्टात लिस्ट लावायची. या कामात लोकांच्या पैशापेक्षा त्यांचे बेत जास्त कळतात. कोण काय ठरवतं, कुणाचं तडीला जातं, कुणाचं मधेच बारगळतं, हे उंबऱ्यात उभं राहून दिसतं. त्यावरून ध्येय ठरवायची माझी एक रीत बसली आहे. ती फक्त पैशाची नाही. स्कूटर शिकायची असो, दहावी द्यायची असो, साखर आटोक्यात आणायची असो, तीच रीत चालते.

नवं खातं काढताना मी आधी विचारते, "कशासाठी काढताय?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "असंच. पडून राहतील." ही 'असंच'वाली खाती सगळ्यात आधी मोडतात. गणपतीत घराला रंग काढायचा निघतो, भाचीचं लग्न ठरतं, दिराला गाडीचं डाउन पेमेंट कमी पडतं. ज्या पैशाला काम नेमून दिलेलं नाही, तो पैसा जो पहिला मागेल त्याचा. वेळेचंही तसंच आहे. रविवारी सकाळी 'काहीतरी शिकायचंय' म्हणणाऱ्या बाईच्या वाट्याला पाहुण्यांचा चहा येतो. 'दहा वाजता क्लास आहे' म्हणणारीला कुणी अडवत नाही. कुरकुर करतात, पण अडवत नाहीत.

आधी खोदून विचारा

'कशासाठी' हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. मंगळवार पेठेत एक वहिनी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. त्यांच्याशी झालेलं बोलणं साधारण असं:

"कशासाठी, वहिनी?"

"पोरीसाठी."

"पोरीच्या कशासाठी?"

"शिक्षणासाठी, आणखी कशासाठी? लग्नाचं तिचा बाप बघंल."

"कुठलं शिक्षण? आत्ता कितवीत आहे?"

"सातवीत. दहावी झाली की डिप्लोमाला घालायचं म्हणतोय. इथंच, गव्हर्मेंटला मिळालं तर बरं. नाहीतर मग बारावी करून नर्सिंग."

आता इथे खरी गंमत आहे. त्यांच्या मते ते एकच ध्येय होतं, 'पोरीचं शिक्षण'. प्रत्यक्षात दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या. डिप्लोमा म्हटला तर पैसे साडेतीन वर्षांत लागणार. नर्सिंग म्हटलं तर पाच वर्षं उलटल्यावर. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, साठ हप्त्यांची. तीन वर्षांनी ती मोडता येते, पण मुदतीआधी मोडली की आरडीचा व्याजदर जातो आणि साध्या बचत खात्याचा लागतो. म्हणजे डिप्लोम्यासाठी ही आरडी काढली असती, तर नेमकी गरजेच्या वेळी नुकसान सोसून मोडावी लागली असती.

मी त्यांना सांगितलं, डिप्लोम्याच्या पैशासाठी बँकेत तीन वर्षांची आरडी काढा आणि पोस्टात छोटी रक्कम बारावीनंतरच्या वाटेसाठी लावा. मला आरडीवर चार टक्के कमिशन मिळतं. बँकेत गेलेल्या पैशावर मला छदाम मिळत नाही, पण मोडलेलं खातं माझ्या वहीत असण्यापेक्षा ते बरं.

तर खोदून विचारायचं ते इथपर्यंत: उत्तरात एखादी जागा, एखादं माणूस आणि एखादा महिना आला पाहिजे. 'पोरांचं चांगलं व्हावं', 'तब्येत सांभाळायची', 'स्वतःच्या पायावर उभं राहायचं' हे देवापुढे हात जोडून म्हणायला ठीक आहे. त्यावर हप्ता बसवता येत नाही.

कधी आणि किती

तारीख आली की तिथून मागे मोजत या. वर्ष लिहून भागत नाही, महिना लिहा, कारण आपल्याकडे सगळे महिने सारखे नसतात. जूनमध्ये शाळा, मग गणपती, मग दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, चैत्रात गावची यात्रा. प्रवेशाचे पैसे जून-जुलैमध्ये लागणार असतील, तर ते मेच्या शेवटी हातात पाहिजेत. 'त्या वर्षी कधीतरी' म्हणालात तर दिवाळी उजाडते.

रक्कम मात्र अंदाजपंचे लिहू नका. जिथे पैसे भरायचेत तिथे जाऊन विचारा. वहिनींनी 'लाखभर तरी लागतील' असं धरलं होतं. का, तर शेजारणीच्या मुलाला लागले होते. मुलींची गोष्ट आता वेगळी आहे. २०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्या मुलीचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाच्या खिडकीवर नीट विचारून घ्या. बसत असेल तर खरा खर्च फीचा उरत नाही. तो वसतिगृहाचा, मेसचा, पुस्तकांचा आणि लॅपटॉपचा. रकमेचा आकडा बदलतो, कधीकधी निम्म्यावर येतो, आणि 'आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून दिलेली गोष्ट एकदम आवाक्यात येते.

हिशेब अवघड नाही. ६.७ टक्के दर धरला तर महिना १,००० रुपयांच्या आरडीचे पाच वर्षांनी साधारण ७१,३०० होतात. त्यातले ६०,००० तुमचेच. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं. खातं काढताना जो असेल तो शेवटपर्यंत टिकतो.

लांबच्या ध्येयाला महागाई धरावी लागते. ७२ ला महागाईच्या दराने भागा, तितक्या वर्षांत किंमत दुप्पट होते. ६ टक्के धरले तर १२ वर्षं. आज ५ लाख लागणारं शिक्षण १२ वर्षांनी १० लाखांना पडेल. अटल पेन्शन घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते. साठीनंतर महिना जास्तीत जास्त ५,००० हातात येणार, हे खरं. पण आज जो ३६ वर्षांचा आहे, त्याला ते २४ वर्षांनी मिळणार, आणि तेव्हाच्या ५,००० मध्ये आजच्या १,२५० इतकाच बाजार येईल. योजना वाईट नाही, घ्या. फक्त 'म्हातारपणाची सोय झाली' असं म्हणून वही मिटू नका.

पुढच्या प्रत्येक गोष्टीचा या महिन्यातला हप्ता

माझ्या रीतीत सगळ्यात महत्त्वाचं हे, बाकी एकवेळ विसरलात तरी चालेल. लोक दोन याद्या करतात. एकीत आत्ताचं: गॅस, लाइट बिल, मुलाची सहल. दुसरीत पुढचं: घर, शिक्षण, म्हातारपण. पहिली यादी रोज डोळ्यांसमोर असते, दुसरी कपाटात जाते. मी एकच कागद करायला लावते. पुढची प्रत्येक गोष्ट लिहायची आणि तिच्यासमोर या महिन्यात तिच्यासाठी काय द्यायचं, ते लिहायचं. पैसे, नाहीतर वेळ, नाहीतर एखादी फेरी, एखादा फॉर्म. समोर लिहायला काही सुचत नसेल, तर ती गोष्ट आज तुमचं ध्येय नाही. खोडा. पुढच्या वर्षी परत लिहा, कोण नको म्हणतंय?

शनिवार पेठेत एक काकू आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या. काकांचे गुडघे गेले, मुलगा पुण्याला. मंडईत जायचं तर रिक्षा, दवाखान्यात जायचं तर रिक्षा. 'स्कूटर शिकायचीय' हे त्या खूप दिवस म्हणत होत्या. मी म्हटलं, या महिन्याचा हप्ता सांगा. लर्निंग लायसन्सचा फॉर्म, आधारवरून घरबसल्या भरता येतो. झालं, पहिला हप्ता तेवढाच. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. म्हणजे सरकारनेच तारीख आखून दिली: एक महिना झाल्यावर आणि सहा महिन्यांच्या आत. दुसऱ्या महिन्याचा हप्ता, पुतण्याला धरून रोज सकाळी मोकळ्या मैदानात अर्धा तास. काकू आता मंडईत स्कूटरवर जातात. हळू चालवतात, मागचे हॉर्न मारतात, काकू ढिम्म.

एका घरातली सून नववीत शाळा सोडून लग्न करून आली. तिला दहावी द्यायची होती. बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म लागतो आणि तो परीक्षेच्या आदल्या वर्षी भरावा लागतो, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात जागं होऊन उपयोग नाही. तिने कागदावर लिहिलं होतं, 'अभ्यास करणे'. आम्ही बसून बदललं: या महिन्यात बोर्डाच्या साइटवर फॉर्मची तारीख बघणे आणि शाळेतून दाखला आणणे, पुढच्या महिन्यापासून बीजगणिताचा एक धडा आणि भूमितीचा एक. तिला भूमितीची भीती होती, म्हणून ती आधी. दहावीनंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं काय करायचं, हे तिच्या डोक्यात आत्ताच घोळतंय. ते मी त्या कागदावर लिहू दिलं नाही. आधी दाखला.

तब्येतीचंही असंच. 'वजन कमी करायचं' म्हणणाऱ्या घरात मी चिवडा खाऊन आले आहे. साखर असणाऱ्यांना मी विचारते, तीन महिन्यांची साखर कधी तपासली? एचबीएवनसीची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून डॉक्टरला फसवता येत नाही. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर टाका. दुधाचा हिशेब ज्या चौकोनात लिहिता, त्याच्याच शेजारी. किती आकडा गाठायचा, ते डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअॅपला नाही.

हप्ता केवढा धरायचा

लोक हप्ता ठरवतात तो दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात, नाहीतर एक जानेवारीला. हात सैल असतात, मन मोठं असतं, दोन हजार म्हणून टाकतात. मार्चपर्यंत रेटतं, जूनमध्ये दार उघडत नाहीत. आतून टीव्हीचा आवाज येतो, पण दार उघडत नाहीत. मला राग येत नाही, कळतं ते.

म्हणून हप्ता जूनमध्ये ठरवा. वह्या-पुस्तकं, रेनकोट, रिक्षावाल्या काकांचा अॅडव्हान्स, घराची कौलं, सगळं देऊन जे उरतं, तेवढाच तुमचा हप्ता. पाचशे उरत असतील तर पाचशे. आरडी शंभरापासून सुरू होते, त्यात कमीपणा नाही. वेळेचा हप्ताही तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यात ठरवा. मुलं आजारी, सासूबाई दवाखान्यात, अशा आठवड्यात जी वीस मिनिटं निघतात, तीच खरी.

आणि पैसा जसा येतो तसा हप्ता लावा. पगारदाराचं सोपं आहे. खातं महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत काढलं तर दर हप्ता पंधरापर्यंत भरायचा. सोळापासून पुढे काढलं तर महिनाअखेरपर्यंत. पगार वीस तारखेला होत असेल तर मुद्दाम सोळानंतर काढा. भाजीवाला, पानपट्टीवाला यांचा पैसा रोजचा. त्यांना महिन्याच्या शेवटी रक्कम काढायला सांगणं म्हणजे छळ. त्यांच्यासाठी पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडं थोडं भरायचं खातं, बरी, फक्त पतसंस्था नीट बघून. उसवाल्यांचं तिसरंच. आडसाली लावला तर लागणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने जातात, आणि बिल आलं की एकदम येतं. त्यांना मी म्हणते, बिल आल्याबरोबर बारा हप्ते आगाऊ भरून मोकळे व्हा. बारा एकदम भरले की दर शंभराच्या हप्त्यामागे ४० रुपये सूट मिळते, सहा भरले तर १०. हजाराच्या आरडीवर ४०० वाचतात. त्याहून मोठं म्हणजे पैसा पारावर पोचायच्या आत कामाला लागतो.

हप्ता चुकला तर

पोस्टाचा नियम मला फार आवडतो, माणसाच्या स्वभावाला धरून आहे. हप्ता चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड. बस्स. भांडण नाही, उपदेश नाही. पुढच्या महिन्यात मागचा हप्ता, दंड आणि चालू हप्ता भरा, खातं चालू. पण ओळीने चार चुकले की खातं बंद पडतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घेता येतं. तेवढ्यात केलं नाही तर त्यात पुढे भरता येत नाही.

हाच नियम बाकीच्या ध्येयांना लावा. एक महिना चालायला गेला नाहीत, एक धडा राहिला, तर 'आता सोमवारपासून नव्याने' असलं काही करू नका. साठातले बावीस झालेत, तर पुढचा तेविसावाच. थोडा दंड ठेवा: राहिलेला धडा पुढच्या महिन्यात जास्तीचा. आणि ओळीने चार महिने चुकलं तर मात्र कागद काढून बसा आणि दोन महिन्यांत सोक्षमोक्ष लावा. हप्ता मोठा होता का? मग कमी करा. की ती गोष्ट आता नकोच आहे? मग बंद करा, त्यात लाज कसली?

खातं कुणाच्या नावावर?

फॉर्मवर नाव लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ आई-वडील दुसऱ्याचं ध्येय आपल्या कागदावर लिहितात. 'मुलीला डॉक्टर करायचं.' डॉक्टर व्हायचं की नाही ते तिचं. तिच्या शिक्षणाचे पैसे वेळेत तयार ठेवणं तुमचं. तुमच्या हप्त्याने जे होतं, तेवढंच लिहा. नाहीतर साठ हप्ते नीट भरूनही तुम्ही हरल्यासारखे बसता, आणि पोरगी भलत्याच ओझ्याखाली. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी काढा. पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी मुदत संपते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी आदल्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. कशाचं शिक्षण, ते तिने तेव्हा ठरवावं.

उलट बाजूने, घरातल्या बाईच्या कागदावर तिच्या स्वतःच्या नावाची एकतरी ओळ असावी, असा माझा आग्रह असतो. नवऱ्याला सांगायचं की नाही, यात मी पडत नाही.

एका वेळी तीन गोष्टी पुरेत: एक येत्या दिवाळीपर्यंतची, एक पाचेक वर्षांची, एक लांबची. पाच-सहा लिहिणारे भेटतात, पण वर्षाने विचारलं तर त्यांना त्यातल्या दोनच आठवतात. कागद देवघरात ठेवू नका, पूजा होईल आणि वाचायचा राहील. मी हप्त्याच्या कार्डावरच वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहून देते. मंगळवार पेठेतल्या वहिनींच्या कार्डावर आहे, 'बारावीनंतर, मे, हॉस्टेल आणि लॅपटॉप'. शिसपेन्सिल अशासाठी की खोडून बदलता यावं. त्या कार्डावर माझी सही झाली म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. अधूनमधून पासबुक मागून बघत जा, नोंद पडलीय का. मी असले तरी मागा.

मुदत भरायच्या महिना-दोन महिने आधी पुन्हा एकदा बसा, कारण साठावा हप्ता भरला की ही बातमी माझ्या आधी तुमच्या नातेवाइकांना कळते. पैसे कुठे जाणार, हे कार्डावर लिहिलेलंच आहे, तिथेच पाठवा. त्यातून काही उरणार असेल, तर उरणाऱ्या पैशाचं 'कशासाठी' तेव्हाच लिहून ठेवा. पोस्टात त्याच नावाचं बचत खातं चालू आहे का, आधार आणि पॅन जोडलेत का, पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आधी बघून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथेच अडतं, आणि मे महिन्यात काउंटरवर कुणाला वेळ नसतो.